देवगिरी १२९६: शंकरदेव जिंकला असता तर? (टेबलावर तरी)

खिंडवाला
मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज हिय्या करून धागा काढतोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मला बारक्या सैनिकांच्या लढाया खेळायचा नाद आहे. म्हणजे पंधरा मिलिमीटरचे सैनिक, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, ते रंगवायचे, तीन-तीन चार-चार जण काडेपेटीहून लहान पाटीवर चिकटवायचे, आणि टेबलावर पट्टीनं मोजून पुढेमागे सरकवायचे. मारामारी फाशांवर. बायको याला 'मोठ्यांचा दिवाळीचा किल्ला' म्हणते, आणि ते काही फार चुकीचं नाहीये.

तर मी राहतो संभाजीनगरला, देवगिरी घरापासून पंधरा किलोमीटर. लहानपणापासून शाळेच्या सहलीत, पाहुणे आले की त्यांच्याबरोबर, असा शंभरदा चढलोय. आणि इथली १२९६ ची गोष्ट डोक्यातून जात नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अल्लाउद्दीन खिलजी तेव्हा सुलतान नव्हता, अलाहाबादजवळच्या कड्याचा सुभेदार होता, दिल्लीच्या सुलतान जलालुद्दीनचा पुतण्या आणि जावई. काकाला न सांगता चंदेरी, एलिचपूर करत थेट देवगिरीवर आला. इथल्या यादव राजाची, रामदेवरायाची मुख्य फौज मुलाबरोबर, शंकरदेवाबरोबर बाहेर होती. राजा किल्ल्यात शिरला, शहर लुटलं गेलं. अल्लाउद्दीननं हूल उठवली की माझ्या मागून सुलतानाची वीस हजारांची फौज येतेय. घाबरून तह ठरला. तेवढ्यात शंकरदेव फौज घेऊन परत आला, बापानं निरोप पाठवला की मिटलंय, लढू नकोस, पण पोरगं ऐकलं नाही. अल्लाउद्दीननं मलिक नुसरतला हजार स्वार देऊन किल्ल्यावर नजर ठेवायला बसवलं आणि उरलेले घेऊन शंकरदेवाला भिडला. लढाई यादवांच्या बाजूनं झुकत चालली होती, आणि नुसरत हुकूम नसताना आपली जागा सोडून धावत आला. यादवांना दिसली नुसती धूळ. त्यांना वाटलं आली ती वीस हजारांची फौज. पळापळ.

हजार घोड्यांची धूळ हो!

मी ही लढाई टेबलावर मांडली. एक पाटी म्हणजे पाचशे माणूस. अल्लाउद्दीन चौदा पाट्या, नुसरत दोन, यादव चोवीस (हा माझा अंदाज, फौज मोठी होती एवढंच धरलंय). मित्राबरोबर चार वेळा खेळलो. चारही वेळा शंकरदेव जिंकला, आणि चारही वेळा मजा आली नाही. कारण समोरच्याला माहितीये की धूळ कसली, दोन पाट्यांची! तो नुसरतकडे ढुंकूनही बघत नाही. आता जी गोष्ट खेळणाऱ्याला आधीच ठाऊक आहे तिला तो घाबरणार कसा? कोणी काही सुचवेल का.

पोरसवदा
म्हणजे हा बुद्धिबळासारखाच प्रकार ना? की ल्युडो?

खिंडवाला
@पोरसवदा बुद्धिबळात घोडा सांगाल तिथे जातो. इथे दर खेळीला फासा टाकायचा, पडेल तेवढ्याच तुकड्यांना हुकूम पोचतो. एक पडला की चोवीसपैकी तेवीस पाट्या आपल्या जागी उभ्या, आणि तुम्ही कपाळावर हात मारून बसायचं.

निवांत_नाना
छान धागा. वाचतोय. फोटो दिसत नाहीयेत पण.

अर्धवट_रंगारी
मला दिसतायत. खिंडवाला भाऊ रंगकाम एक नंबर, पण घोड्यांवर पांढरट खरबरीत थर दिसतोय तो काय आहे? पावसाळ्यात स्प्रेचा प्रायमर मारला का? हवा दमट असली की स्प्रे अंगावर पिठासारखा बसतो. जून ते सप्टेंबर स्प्रेला हात लावायचा नाही, ब्रशनं मारायचा, वेळ लागतो पण पस्तावा होत नाही. मी तीस घोडे असे घालवलेत, नंतर ते 'धुळीनं माखलेले' म्हणून खपवले. तुमच्या लढाईत तर तेही चालून जाईल :)

दगडधोंडे
खिंडवाला, विषय झकास, पण आता पहिला दगड मारतो. तिसऱ्या फोटोत यादवांच्या पायदळाला पगड्या आणि अंगरखे आहेत. हे सरळसरळ दिवाळीतले मावळे आहेत की हो! साडेतीनशे वर्षं चुकली. यादवकाळचा शिपाई बघायचाय तर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड बघा, मराठवाड्यात, सोलापूरकडे गावागावात मारुतीच्या देवळामागे पडलेले असतात, लोक त्यावर कपडे वाळत घालतात. उघडं अंग, कमरेला आखूड नेसण, डोक्यावर बांधलेला बुचडा, हातात ढाल नि आखूड तलवार किंवा भाला. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा उचलून नेतायत, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य. रंगवायला पण सोप्पं, अर्धं अंग तर कातडीचाच रंग.

आणि दुसरं. धूळ काय किंवा किल्ल्यात धान्य म्हणून भरलेली मिठाची पोती काय, दोन्ही गोष्टी येतात फिरिश्ता या इतिहासकाराकडून, आणि तो तीनशे वर्षांनी विजापुरात बसून लिहीत होता. फौजेचा आकडापण तसाच. फिरिश्ता आठ हजार स्वार म्हणतो, त्या काळाच्या जवळचा इतिहासकार बरनी म्हणतो तीन-चार हजार स्वार आणि दोन हजार पायदळ. बरनीचा आकडा धरलात तर नुसरतच्या धरून तुमच्या सोळा पाट्यांच्या दहा-बाराच राहतील.

खिंडवाला
@दगडधोंडे पकडलंत! मावळेच आहेत. छाप्याचे बारके प्लॅस्टिकचे मिळाले दोनशे रुपयाला पिशवीभर, म्हटलं लांबून कोणाला कळतंय. पगड्या कटरनं तासून एमसीलचे बुचडे लावतो. आकड्याचं म्हणाल तर फिरिश्त्याची धूळ हवी म्हणून त्याचीच फौज घेतली, एकाची धूळ नि दुसऱ्याचे घोडे कसं चालेल.

मिठागर_काकू
एमसीलचे बुचडे, हाहाहा. फोटो टाकाच.
आणि मिठाचं पण काहीतरी करा नं. आमच्या कोकणाचा तेवढाच संबंध आहे या गोष्टीत! कोकणातले व्यापारी मिठाची पोती टाकून पळाले, किल्ल्यातल्या लोकांनी धान्य समजून ती आत ओढून घेतली, आणि वेढा पडल्यावर उघडतात तर मीठ. माझ्या सासूबाई ही गोष्ट अशी सांगायच्या जसं काही त्याच पोती शिवायला होत्या.

लीड्सकर
मी इंग्लंडात राहतो, इथे दर गुरुवारी एका चर्चच्या हॉलमध्ये वीसेक म्हातारे आणि मी असे खेळतो. (वयानं मी सगळ्यात लहान, ४९.) त्यामुळे या रोगाची बऱ्यापैकी माहिती आहे, सांगतो.

तुमचा प्रॉब्लेम जुनाच आहे. खेळाडू वरून बघतो, सेनापती घोड्यावरून बघतो. प्रशियात १८२४ मध्ये हा खेळ अधिकाऱ्यांना शिकवायला आणला तेव्हापासून त्यावर एकच उपाय आहे, तिसरा माणूस. पंच. पंचाला सगळं दिसतं, तुम्हाला तो सांगेल तेवढंच. तुम्ही धुळीच्या जागी कापसाचा गोळा ठेवा आणि तो कोणाचा आहे हे फक्त पंचाला माहीत असू दे.

पण नुसतं तेवढ्यानं भागत नाही, कारण इतिहास सगळ्यांना पाठ आहे, 'ही नुसरतचीच' म्हणून तुमचा मित्र परत दुर्लक्षच करणार. तेव्हा धूळ खरंच दुसऱ्या कोणाची असू शकली पाहिजे. इथेच पर्यायी इतिहास येतो. अहो 'शंकरदेव जिंकला तर' हा शेवटचा प्रश्न झाला, त्याच्या आधीचा प्रश्न आहे 'धूळ खरी असती तर'.

खिंडवाला
लीड्सकर साहेब, __/\__
हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे पत्ते करायचे, लिफाफ्यात घालायचे?

लीड्सकर
साहेब नको. हो, पत्तेच. पण प्रत्येक पत्ता पटणारा पाहिजे, उगीच चंगेजखान नको.

दगडधोंडे
पटणारे पत्ते मी देतो.

१ला, नुसरत. हा इतिहासच.
२रा, खुद्द जलालुद्दीन. हे वाटतं तितकं अशक्य नाहीये. पुतण्या गायब झालाय हे त्याला कळलं होतं, तो त्या सुमारास ग्वाल्हेरला होता. सल्लागारांपैकी एकानं सांगितलं होतं की पुढे जाऊन त्याला वाटेत गाठा, म्हाताऱ्यानं ऐकलं नाही, पोरावर फार जीव. समजा ऐकलं असतं आणि आणखी आधीच निघाला असता. आता मज्जा बघा, तो आला तर कोणाच्या बाजूनं? पुतण्याला वाचवायला की बेड्या घालायला? हा पत्ता दोघांनाही भीतीचा.
३रा, यादवांचेच मांडलिक, उशिरा पोचलेले. अशी माणसं होती. लाजौऱ्याच्या घाटात कान्हा नावाच्या मांडलिकानं अल्लाउद्दीनला अडवलं होतं, त्याच्याबरोबर दोन बायका सरदार लढल्या असं चौदाव्या शतकातला इतिहासकार इसामी लिहितो. त्या घाटातले उरलेसुरले लोक मागून आले असं धरा.
४था, काहीच नाही. गुरांचा कळप. मे महिन्यात देवगिरीच्या माळावर वावटळसुद्धा तेवढी धूळ करते.

मिठागर_काकू
गुरं!! हा पत्ता माझा लाडका.

घाटमाथा
खिंडवाल्याबरोबर चार वेळा जिंकलेला तो मित्र मीच. इथे माझी बदनामी चाललीये ती वाचतोय.

माझं स्पष्ट मत, एवढा घोळ कशाला? पर्यायी इतिहास खेळायचा तो आपली माणसं जिंकावीत म्हणूनच ना? शंकरदेव जिंकला, अल्लाउद्दीन रिकाम्या हातानं परत, पुढे ना त्याचा सेनापती मलिक काफूर, ना तुघलकानं १३२७ ला इथे आणलेली राजधानी. किल्ला आपला. झालं की.

दगडधोंडे
@घाटमाथा इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. जरा पुढचं बघा. अल्लाउद्दीन देवगिरीचं सोनं घेऊन कड्याला पोचला, जुलैत काकाला भेटायला बोलावून मारला, आणि दिल्लीकडे निघाला तेव्हा रोज मुक्कामाला छोट्या मंजनीकमधून पाच मण सोन्याचे तुकडे लोकांवर उडवत गेला. बरनीनं लिहिलंय. दगड फेकायचं यंत्र, त्यातून सोनं! काकाचे सरदार त्या सोन्यावर फिरले. म्हणजे देवगिरीचा खजिना नाही तर दिल्लीचं तख्तही नाही. इथपर्यंत तुमचं बरोबर.

पण मग १२९९ ला कुतलुग ख्वाजा मंगोल घेऊन दिल्लीच्या दाराशी येतो, आणि १३०३ ला तरघी दोन महिने वेढा घालून बसतो. त्याच्यासमोर अल्लाउद्दीन नाही, सत्तरी ओलांडलेला दयाळू जलालुद्दीन किंवा त्याचं पोर. दिल्ली पडली तर? उत्तरेतून पळालेले तुर्क सरदार आपापल्या पागा घेऊन कुठे सरकतील? नर्मदा ओलांडून. एक अल्लाउद्दीन परतवलात त्याच्या जागी दहा आले.

घाटमाथा
तेव्हा आपण, द्वारसमुद्राचे होयसळ आणि वरंगळचे काकतीय एक होऊन लढू.

दगडधोंडे
काय सांगता! यादवांच्या सैन्यानं १२७६ ला द्वारसमुद्रावर चाल केलेली, काकतीयांशी पिढ्यान्‌पिढ्या भांडण. प्रत्यक्षात पुढे काफूर वरंगळ आणि द्वारसमुद्राकडे गेला तेव्हा रामदेवरायानं त्याला रसद पुरवली, वाट दाखवायला माणसं दिली. शेजाऱ्याचं घर जळताना आपली भाकरी भाजून घेणं हे तेव्हाही चालायचं.

निवांत_नाना
याच साली माऊलींनी आळंदीला समाधी घेतली. ज्ञानेश्वरीच्या शेवटी रामचंद्राचा, म्हणजे याच रामदेवरायाचा उल्लेख आहे 'न्यायाने राज्य करतो' अशा अर्थाचा, ती शके १२१२. सहा वर्षांत केवढं काय झालं. विषयांतराबद्दल क्षमस्व. फोटो अजून दिसत नाहीयेत.

अर्धवट_रंगारी
नाना ब्राउझर बदला.

खिंडवाला भाऊ डोंगर कशाचा केलाय? आणि उंची कमी वाटतेय.

खिंडवाला
थर्माकोलचे तुकडे एकावर एक, गरम तारेनं कापले, वरून पीओपी, आणि खाली सगळीकडे पोत्याचं कापड मातीच्या पातळ काल्यात बुडवून पसरलंय, किल्ल्याला करायचो तस्संच. हिरवळीला आधी खरंच हळीव पेरला होता, चार दिवसांत सैनिकांच्या डोक्यावरून गेला. पंधरा मिलिमीटरचा माणूस नि इंचभर हळीव, देवगिरी नाही ॲमेझॉनचं जंगल. शेवटी लाकडाचा भुसा रंगवून टाकला.

उंचीचं सांगू नका. डोंगर साधारण दोनशे मीटर, आपलं माप शंभराला एक, म्हणजे टेबलावर दोन मीटर पाहिजे. फॅनला लागेल. मी दीड फुटावर थांबलो.

दगडधोंडे
थांबलात ते बरं केलंत. आणि चांद मिनार लावू नका प्लीज, तो बहमनी. खालच्या तटबंदीतलंही पुष्कळ नंतरचंच.

खिंडवाला
काढला. (लावला होता.)

मिठागर_काकू
माझी पोती??

लीड्सकर
काकूंच्या पोत्यांसाठी नियम सुचवतो. किल्ल्यात तिसरा खेळाडू बसवा, रामदेवराय. त्याला पंचाकडून दहा पोती, म्हणजे दहा चकत्या एका पिशवीत. वेढा सुरू होईपर्यंत आत हात घालायचा नाही. नंतर दर खेळीला एक काढायची, काहींखाली धान्य, काहींखाली मीठ, किती ते पंचालाच माहीत.
आणि नुसरतनं जागा सोडली की किल्ल्याचं दार मोकळं! ही गोष्ट कोणी बोलतच नाही. ते हजार स्वार किल्ल्यासमोरून हलले त्या घटकेला रामदेवराय बाहेर पडून मागून मारू शकत होता. त्याला वरून धूळ कोणाची हे सगळ्यात स्वच्छ दिसत असणार, पण मुलाला सांगणार कसं? तेव्हा किल्ल्यातल्या खेळाडूला धुळीचा पत्ता बघू द्या, पण टेबलावर बोलायची बंदी. चिठ्ठी लिहायची, आणि चिठ्ठी पोचते की नाही त्याचा फासा.

खिंडवाला
लीड्सकर, तुम्ही पुण्या-मुंबईत असता तर तुम्हाला उचलून आणला असता.
रविवारी मांडतो. घाटमाथा शंकरदेव, मी अल्लाउद्दीन, दगडधोंडे येतायत ते रामदेवराय. पंच आमची बायको. तिला नियम येत नाहीत पण तिचा चेहरा वाचता येत नाही, वीस वर्षांचा अनुभव आहे.

खिंडवाला
धागा वर काढतोय. झाला रविवार. वृत्तांत.

दुपारी तीनला सुरू केलं, लाइट दोनदा गेले. प्लाय टाकून डायनिंग टेबल सहा बाय चार केलं. धूळ म्हणून पिंजलेला कापूस, त्यावर मुलतानी मातीची पूड, इतकं बेमालूम की घाटमाथा शिंकला.

पहिल्या पाच खेळ्या माझी पूर्ण वाट लागली. माझे तुर्क धनुर्धारी घोडेस्वार हे खरं माझं हत्यार, लांबून बाण सोडायचे आणि जवळ आले की मागे सरकायचं, पण सलग दोनदा फाशात एक पडला, मागे सरकायला हुकूमच नाही, आणि यादवांचे तीन हत्ती येऊन भिडले. माझी डावी फळी गेली. चौदापैकी पाच पाट्या डब्यात. घाटमाथा चहाचा कप हातात घेऊन उभ्यानं खेळायला लागला, म्हणजे त्याला वाटायला लागलं की संपलंच.

सहाव्या खेळीला बायको उठली, स्वयंपाकघरातून कापूस घेऊन आली आणि टेबलाच्या उत्तर कडेवर ठेवून परत जागेवर बसली. काही बोलली नाही. नियमाप्रमाणे घाटमाथ्याला लगेच ठरवायचं होतं, राखीव सहा पाट्या वळवायच्या, तशाच पुढे घालायच्या, की सगळंच मागे घ्यायचं.

आता बघा, हा माणूस चार वेळा याच धुळीवर हसलेला. कापसाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, ती मटार सोलत होती. दगडधोंडे किल्ल्यातून खसाखसा चिठ्ठी लिहीत होते, ते बघून तर तो आणखीच बिचकला, म्हणे एवढी घाई आहे म्हणजे नक्की जलालुद्दीन. फासा पडला दोन, चिठ्ठी पोचली नाही. त्यानं सहाच्या सहा पाट्या उत्तरेला वळवल्या, वर हत्तींनाही मागे बोलावलं. हत्तींना वळवणं म्हणजे काय असतं! एक वळला तो सरळ स्वतःच्याच पायदळातून गेला. मी मधे घुसलो. आठव्या खेळीला यादवांचं मधलं दळ फुटलं.

नवव्या खेळीला बायकोनं लिफाफा उघडला. मांडलिक! घाटमाथ्याचेच लोक, त्याच्याच मदतीला आलेले.

दगडधोंड्यांची चिठ्ठी नंतर वाचली. 'आपलेच आहेत, वळू नकोस, गाढवा.'

मिठागर_काकू
गाढवा!! रामदेवराय असंच म्हणाला असता.

लीड्सकर
सुंदर. गुरुवारी इथल्या म्हाताऱ्यांना हाच खेळ घालतो. त्यांना इतिहास अजिबात माहीत नाही, ते कशाला घाबरतात बघू.

घाटमाथा
माझी बाजू मांडतो. एक, हत्ती वळताना फासा खाली पडला होता, तो परत टाकायला हवा होता, पंचांनी ऐकलं नाही. दोन, वहिनी मटार सोलताना एकदा हसल्या, त्यावरून मला चुकीचा अंदाज आला. तीन, शिपायांना दोष देत होतो इतकी वर्षं, घाबरट म्हणून. ते जरा मागे घेतो. समोर कापूस होता तरी माझ्या हाताला घाम आला.

परतफेड हवी. पुढच्या रविवारी मी अल्लाउद्दीन.

दगडधोंडे
पुढच्या वेळी पोती पण काढू, यंदा वेढ्यापर्यंत पोचलोच नाही. पिशवीत बघितलं नंतर, दहापैकी आठ मीठ होतं. वहिनी, हे काय?

खिंडवाला
ती म्हणाली, कोकणातून आलेलं पोतं आहे, त्यात दुसरं काय असणार.

निवांत_नाना
दिसले फोटो! तो एक हत्ती पाठमोरा आहे तो मुद्दाम तसा चिकटवलाय का?

अर्धवट_रंगारी
नाना तो वळतोय :)
बाकी एमसीलच्या बुचड्यांना मी सांगू का, दोन्ही भाग मळल्यावर पाच मिनिटं थांबा, मग लावा. फोटोत निम्म्या सैनिकांचे ओघळून मानेवर आलेत.